तुर्की भाषाकुळातल्या मुलांची गाण्याची स्पर्धा आणि आपली घरची गाणी

मृण्मयी_फ्रँकफर्ट

माझी लेक नऊ वर्षांची आहे. तिच्या वर्गात एक कझाक मुलगी आहे आणि सध्या दोघींचं अगदी मेतकूट जमलंय. गेल्या महिन्यात लेक घरी आली ती काहीतरी गुणगुणतच. शब्द जर्मन नव्हते, मराठी तर नव्हतेच. "ओझिंगे सेन, ओझिंगे सेन." विचारलं तर म्हणाली, "आई, म्हणजे स्वतःवर विश्वास ठेव. कझाकमध्ये."

शोधल्यावर कळलं की २०१८ मध्ये मिन्स्कला झालेल्या ज्युनिअर युरोव्हिजनमध्ये, म्हणजे युरोव्हिजन या देशादेशांमधल्या गाण्याच्या स्पर्धेच्या लहान मुलांसाठीच्या आवृत्तीत, कझाकस्तान पहिल्यांदा उतरला, तेव्हाचं हे गाणं. दानेलिया तुलेशोवा नावाच्या मुलीनं गायलं आणि सहावा क्रमांक आला. पुढच्या वर्षी पोलंडमधल्या ग्लिवित्सेला येर्झान माक्सिम दुसरा आला, २०२० मध्ये काराकात बाशानोवाही दुसरी. एका नव्या देशाची मुलं तीन वर्षांत इथवर पोचली.

पण मला अडकवून ठेवलं ते दुसऱ्याच एका स्पर्धेनं. तुर्कव्हिजन. युरोव्हिजनसारखीच, फक्त तुर्की भाषाकुळातल्या लोकांसाठी. इथे तुर्की म्हणजे नुसता तुर्कस्तान नव्हे. अझरबैजान, कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान हे देश आहेतच, शिवाय रशियातले तातार, बाश्कीर, तुवा, खाकास, अल्ताय, याकूत, मोल्दोव्हातले गागाऊझ, क्रिमियातले तातार असे कितीतरी समाज आहेत. पहिली स्पर्धा २०१३ च्या डिसेंबरात तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरला झाली. २४ देश आणि प्रदेश आले होते. अझरबैजान जिंकला. दुसरी २०१४ मध्ये तातारस्तानच्या कझान शहरात झाली, ती कझाकस्तानच्या झानार दुगालोवानं जिंकली. २०१५ ची इस्तंबूलला झाली, तिथे किर्गिझस्तान पहिला आला. आणि त्याच डिसेंबरात, त्याच शहरात, लहान मुलांची वेगळी स्पर्धा भरली: बाला तुर्कव्हिजन. बाला म्हणजे मूल.

दोन नियम मला फार आवडले. एक, गाणं तुर्की कुळातल्याच भाषेत हवं. मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये १९९९ पासून कुठल्याही भाषेत गाता येतं, त्यामुळे पुष्कळ गाणी इंग्रजीत येतात. इथे ती पळवाटच नाही. दुसरा, भाग घ्यायला स्वतंत्र देश असावं लागत नाही. केमेरोवो नावाचा सायबेरियातला कोळशाच्या खाणींचा प्रांत आहे. तिथे शोर नावाचे लोक राहतात, २०१० च्या जनगणनेत सुमारे १३ हजार. म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गाव. पहिल्या वर्षी त्यांची गायिका मंचावर उभी राहिली, कझाकस्तान आणि तुर्कस्तानच्या बरोबरीनं.

हे सगळं वाचत असताना मी आमच्या रविवारच्या मराठी शाळेचा विचार करत होते. वीस मुलं आहेत. मराठीत बोला म्हटलं की जीभ अडते, पण गाणं लावलं की सगळी मुलं अख्खं गाणं म्हणतात. म्हणून विचारते: गाण्यानं भाषा टिकते का? की आपण मोठी माणसं स्वतःचं समाधान करून घेतो? ज्यांना या भागाची, या संगीताची माहिती आहे त्यांनीही जरूर लिहा.

केदार_जो

विषय नवीन आणि चांगला आहे, पण माझं मत थोडं वेगळं आहे. मुलं गाणं पाठ करतात ते चालीवर, अर्थावर नाही. माझा पुतण्या अख्खा पोवाडा म्हणतो, पण त्यातल्या "कुमक" शब्दाचा अर्थ विचारला तर गप्प बसतो. गाणं आलं म्हणजे भाषा आली असं मानलं तर आपण गाफील राहू.

आणि नऊ वर्षांच्या मुलांना क्रमांक द्यायचे, एकाला रडवायचं आणि एकाला डोक्यावर घ्यायचं, हे मला पटत नाही. मग ती स्पर्धा कझानची असो की पुण्याची.

रोहिणी_भाषा

केदार, तुम्ही उदाहरणाला नेमका "कुमक" शब्द निवडलात! तो तुर्की कुळातूनच आपल्याकडे आलाय. कझाकमध्ये "कोमेक", अझरबैजानीत "कोमेक", अर्थ मदत. फारसीच्या वाटेनं तो दख्खनेत आला आणि आपल्या बखरींत जाऊन बसला. चकमक तसाच. तुर्कस्तानात आज लायटरला "चाकमाक" म्हणतात. कैची, तोफ, बेगम, उर्दू हे शब्द त्याच घरचे. मृण्मयीताई, तुमच्या लेकीच्या मैत्रिणीला एकदा "कैची" म्हणून दाखवा, तिला कळेल.

आता "बाला" आणि आपलं "बाळ". पाहताक्षणी एकच वाटतात, पण केवळ सारखे दिसतात म्हणून त्यांची सोयरीक जुळवू नये. आपलं बाळ संस्कृत "बाल"वरून आलेलं आहे. तुर्की भाषांतला "बाला" त्यांच्या घरात फार जुना आहे आणि कझाक, किर्गिझ, तातार, बाश्कीर सगळ्यांत तोच आहे. उझबेकमध्ये "बोला" होतो. तुर्कस्तानात मात्र मुलाला "चोजुक" म्हणतात. तरी स्पर्धेला नाव "बाला"च दिलं, कारण तो शब्द अधिक घरांत ओळखीचा.

या भाषा एकमेकींच्या किती जवळ आहेत ते आकड्यांवरून चटकन कळतं. तुर्कस्तानात बिर, इकी, उच, दोर्त, बेश. कझाकमध्ये बिर, एकी, उश, तोर्त, बेस. हजारो किलोमीटर दूर याकूतियाच्या बर्फात बीर, इक्की, उस, तुओर्त, बिएस. चुवाश तेवढी वेगळ्या वाटेनं गेली: पेर्रे, इक्के, विश्शे. आपल्याला गुजराती, कोकणी, बंगाली आकडे ऐकताना जसं वाटतं तसंच त्या मुलांना वाटत असणार. "अरे, हे तर आपल्यासारखंच!" असं जेव्हा दहा वर्षांचं मूल दुसऱ्या देशातल्या मुलाबद्दल म्हणतं, तेव्हा त्याला स्वतःची भाषा पहिल्यांदा मोठी वाटते. माझ्या मते या स्पर्धेचं खरं काम ते आहे.

आणि गाण्यानं भाषा टिकते का, यावर तातारस्तानकडे पाहा. तिथल्या शाळांत तातार भाषा सर्वांना सक्तीची होती. २०१७ मध्ये ती सक्ती गेली, २०१८ मध्ये रशियात कायदाच झाला की आता ती ऐच्छिक, आईवडिलांची लेखी संमती असेल तरच. एका झटक्यात शिकण्याचे तास घटले. जिथे शाळेतला तास हातातून जातो, तिथे गाणं हा शेवटचा नव्हे पण एक मजबूत धागा उरतो. गाण्यानं भाषा शिकवली जात नाही हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण मुलाच्या तोंडाला त्या भाषेचे उच्चार लागतात आणि मनातली लाज जाते. ही लाज गेली नाही तर व्याकरणाची पुस्तकं कितीही छापा.

भटका_डॉक्टर

मी मूळचा लातूरचा. एमबीबीएस बिश्केकला केलं. आपल्याकडची पुष्कळ मुलं किर्गिझस्तानात आणि कझाकस्तानात वैद्यकीय शिक्षणाला जातात, हे बऱ्याच जणांना माहीत असेल.

एक प्रसंग सांगतो. तिसऱ्या वर्षी आमच्या एका किर्गिझ वर्गमैत्रिणीनं नोरूझला, म्हणजे २१ मार्चच्या त्यांच्या नव्या वर्षाला, धाकट्या भावाच्या शाळेत नेलं. पटांगणात अजून थंडी होती, कडेला गव्हाचं सुमालक शिजत होतं. एकेक मूल येऊन गाणं म्हणत होतं. मग साधारण सात वर्षांचा एक मुलगा आला. डोक्यावर पांढऱ्या लोकरी नमद्याची उंच कालपाक टोपी, ती कानांवर घसरत होती. वाद्य नाही, साथ नाही. गालिच्यावर मांडी घालून बसला आणि "मानस" म्हणायला लागला.

मानस हे किर्गिझांचं वीरकाव्य. सायाकबाय करालाएव यांनी सांगितलेली आवृत्ती ५ लाख ओळींची आहे. युनेस्कोनं २०१३ मध्ये किर्गिझस्तानच्या नावे ते वारसा यादीत घेतलं. ते म्हणणाऱ्याला "मानसची" म्हणतात. त्या मुलानं सुरुवात संथ केली. मग वेग वाढत गेला, हात हलायला लागले, घोडा आला की तळहात टापांसारखे, तलवार आली की बोटं सरळ. शेवटी शेवटी तर श्वास कुठे घेतोय ते कळेना. वरच्या ओठावर घाम आलेला मला स्पष्ट आठवतो, एवढ्या थंडीत. त्याची शिक्षिका कडेला उभी राहून तोच ताल मांडीवर हळूच धरत होती. ओठ तिचेही हलत होते.

मी किर्गिझ तोवर जेमतेम भाजी घेण्याइतकी शिकलो होतो. मला शब्द कळले नाहीत. पण लहानपणी गावच्या जत्रेत शाहिराच्या पुढ्यात बसून जे अंगावर यायचं, तेच आलं.

केदार, तुमचा प्रश्न मी त्या मैत्रिणीला तेव्हाच विचारला होता, याला अर्थ कळतो का? ती म्हणाली, आज अर्धा कळतो, बाकीचा मोठा होईल तसा त्याच्याकडे येईल, शब्द आधीच घरात येऊन बसलेले असतील. मला हे उत्तर अजून पुरतं.

रोहिणीताई, तो "ची" प्रत्यय आपलाही आहे ना? बिश्केकमध्ये गायकाला "इरची" म्हणतात.

रोहिणी_भाषा

होय डॉक्टर. करणारा, वाजवणारा या अर्थाचा "ची" तुर्की कुळातलाच. नगारची, बावर्ची, मशालची. आपल्या तबलजीतला "जी" म्हणजेही मूळचा तबलची. बैठकीत तुम्ही तबलजींना हाक मारता तेव्हा मानसचीच्या भाऊबंदालाच हाक मारता.

सूरश्री

हा धागा वाचून काल रात्री पेटी काढली. मी गाणं शिकवते, त्यामुळे भाषेचं नाही, सुरांचं सांगते.

तातार आणि बाश्कीर लोकांच्या पारंपरिक चाली पाच सुरांच्या असतात आणि त्यांत अर्ध्या सुराचं अंतर नसतं. पेटीवर नुसते सा रे ग प ध घ्या. भूपच झाला! षड्ज बदलून त्याच पट्ट्या वाजवल्या की दुर्गाची, धानीची, मालकंसाची सावली येते. माझ्या एका विद्यार्थिनीला मी काहीही न सांगता एक जुनी तातार चाल ऐकवली. ती लगेच म्हणाली, "बाई, भूप. पण हे लोक गंधारावर जास्त थांबत नाहीत." दहा वर्षांच्या मुलीनं हे पकडलं याचा मला फार आनंद झाला.

फरक कुठे आहे तेही सांगते. आपण भूपात सूर लांबवतो, मींड घेतो. तातार गायकी एका अक्षरावर बारीक बारीक मुरक्या घेते आणि वरून खाली ओघळत येते. त्यांच्याकडे यासाठी "मोंग" असा शब्द आहे. गाण्यातली आतली हुरहूर, असं काहीसं. बाश्कीरांच्या लांब चाली "कुराय"वर वाजवतात. कुराय म्हणजे एका रानटी झाडाच्या पोकळ देठाची उभी बासरी. तुवातल्या गायकांचं तर अजबच, एकाच गळ्यातून खाली खर्ज आणि वर शिट्टीसारखा दुसरा सूर, त्याला खूमेय म्हणतात. याकूतांचा "खोमुस" म्हणजे आपलं मोरचंग.

आता माझी एक खंत. अशा स्पर्धांत मुलांच्या गाण्याखाली जो ठोकळेबाज ठेका आणि यंत्राचा गदारोळ घालतात, त्यात ही मुरकी बुडून जाते. भाषा त्यांची राहते, चाल मात्र कुठल्याही देशाची वाटते. नियम भाषेचा केला तसा निदान एका गाण्यापुरता आपल्या वाद्याचाही केला असता तर किती बहार आली असती! दोन तारांची दोम्ब्रा, तीन तारांचा कोमुझ, हे त्या मुलांच्या घरात भिंतीवर टांगलेलं असतं.

नंदू_आबा

वाचतो आहे. वयाच्या ७१ व्या वर्षी गागाऊझ हा शब्द पहिल्यांदा कळला. हे लोक कोण? जमल्यास कुणी सांगावे.

अंकाराकर

नंदूआबा, नमस्कार. गागाऊझ हे मोल्दोव्हाच्या दक्षिणेला राहणारे लोक, थोडे युक्रेनमध्येही आहेत. भाषा तुर्कस्तानच्या तुर्कीला इतकी जवळची की तिथल्या माणसाला बरीचशी कळते, आणि धर्मानं ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. १९९४ पासून त्यांना मोल्दोव्हात स्वायत्तता आहे, राजधानी कोमरात. तुर्कव्हिजन मधली चार वर्षं बंद होती, मग २०२० मध्ये महामारीमुळे सगळ्यांनी आपापल्या ठिकाणाहून गाणी पाठवली. ती जिंकली युक्रेनच्या वतीनं गायलेल्या नातालिया पापाझोग्लू या गागाऊझ गायिकेनं. गाण्याचं नाव "तिकेनली योल", म्हणजे काटेरी वाट. सर्वांत मोठ्या देशांना मागे टाकून सर्वांत लहान भाषांपैकी एकीची मुलगी पुढे आली. इथे प्रेक्षकांची मतं नसतात, परीक्षकच गुण देतात, त्यामुळे लोकसंख्येच्या जोरावर कुणी जिंकत नाही.

मी नोकरीनिमित्त सहा वर्षं अंकारात होतो. केदारचा दुसरा मुद्दा, मुलांना क्रमांक द्यावेत का, यावर मला सांगायचं आहे. तुर्कस्तानात २३ एप्रिल हा मुलांचा राष्ट्रीय सण आहे. १९२० मध्ये त्या दिवशी त्यांची राष्ट्रसभा पहिल्यांदा बसली आणि पुढे आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्कनं तो दिवस मुलांना दिला. त्या दिवशी मुलं मंत्र्यांच्या खुर्च्यांवर बसतात. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालक वर्ष होतं. त्या वर्षी तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीनं, म्हणजे तेआरतेनं, परदेशी मुलांना बोलावून उत्सव सुरू केला. पहिल्या वर्षी पाचच देश होते.

या उत्सवात नंबर नाहीत. देशोदेशीची मुलं येतात, नाचतात, गातात, आणि हॉटेलात नव्हे तर तुर्की कुटुंबांत राहतात. आमच्या शेजारच्या घरी एका वर्षी दोन तुवाची मुलं होती. पहिल्या दिवशी घरची आजी आणि ती मुलं खुणांनी बोलत होती. तिसऱ्या दिवशी आजी त्यांना "गेल, गेल" म्हणून जेवायला बोलवायची आणि ती पळत यायची, कारण "ये" हा शब्द त्यांच्याकडेही "केल" आहे. निघायच्या दिवशी जिन्यात सगळ्यांची रडारड. आजीनं दोघांच्या खिशात अक्रोड कोंबले होते.

त्यामुळे मला उत्सव स्पर्धेपेक्षा जवळचा वाटतो. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. उत्सवाला जायला निवड कुठे तरी वरच होते. स्पर्धेच्या निमित्तानं मात्र लहान लहान गावांत मुलं नवीन गाणी बसवतात, कवींना मुलांसाठी लिहायला सांगितलं जातं. शोर भाषेत मुलांसाठी नवं गाणं एरवी कुणी कशाला लिहिलं असतं?

दुखरी बाजूही आहे. २४ नोव्हेंबर २०१५ ला तुर्कस्ताननं रशियाचं लढाऊ विमान पाडलं आणि रशियानं आपल्या प्रांतांना तुर्कसोयशी संबंध तोडायला सांगितलं. तुर्कसोय ही १९९३ साली स्थापन झालेली तुर्की जगाची सांस्कृतिक संस्था, तुर्कव्हिजन तिच्याच पाठिंब्यावर उभी राहिली. इस्तंबूलची स्पर्धा जेमतेम महिन्यावर आली होती. काही प्रांतांना माघार घ्यावी लागली. वर्षभर तालीम करणाऱ्या कलाकारांचा त्या विमानाशी काय संबंध होता? मला अजून वाईट वाटतं.

केदार_जो

अंकाराकर, डॉक्टर, रोहिणीताई, मनापासून आभार. "शब्द आधीच घरात येऊन बसलेले असतील" या वाक्यानं माझं मत हललं. पुतण्याला आज फोनवर कुमकचा अर्थ सांगितला. त्यानं लगेच विचारलं, "मग काका, चकमक म्हणजे?"

नंबरांबद्दल मात्र माझं मत कायम.

श्रावणी_एम

मी शिक्षिका आहे. आपल्याकडे २००८-०९ मध्ये "लिटल चॅम्प्स" पाहताना अख्खं घर एका जागी बसायचं, ते दिवस आठवले. त्या मुलांनी काय सुंदर गायलं! पण आठवून बघा, त्यातली किती गाणी मुलांची होती? नाट्यगीतं, भावगीतं, लावण्या, अभंग. मुलांनी ती पेलली याचं कौतुक आहेच. पण लहान मुलाचं जग असलेलं, या काळात लिहिलेलं नवं मराठी बालगीत शाळेत बसवायचं म्हटलं की मला दरवर्षी चार दिवस शोधावं लागतं, आणि शेवटी माझ्या आईच्या वेळचंच गाणं सापडतं.

ज्युनिअर युरोव्हिजनमध्ये ९ ते १४ वर्षांची मुलं नवीन गाणं घेऊन येतात आणि त्याचा मोठा भाग आपल्या देशाच्या भाषेत असावा लागतो. दरवर्षी प्रत्येक देशाकडे मुलांचं किमान एक नवं गाणं जमा होतं. गोव्यापासून नागपूरपर्यंत कोकणी, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी, गोंडी, भिली, सगळ्या बोलींतल्या मुलांनी एकेक नवं गाणं आणायचं असं ठरलं तर? सूरश्रीताई म्हणतात तसं, एक तरी आपलं वाद्य घेऊन. नंबर नकोत, केदार. अंकाराकरांच्या आजीसारखं कुणाच्या तरी घरी उतरायचं.

सूरश्री

श्रावणी, मी येते. पेटी घेऊन.

भटका_डॉक्टर

लातूरला दहा मुलं माझ्या घरी उतरवा.

मृण्मयी_फ्रँकफर्ट

सगळ्यांचे प्रतिसाद परत परत वाचले. रविवारी काय झालं ते सांगते.

मराठी शाळेत या वेळी लेकीच्या मैत्रिणीला आणि तिच्या आजीला बोलावलं होतं. आजी कझाक आणि रशियन बोलते, जर्मन अगदी थोडं. आधी मुलांनी आकडे म्हटले, एक दोन तीन, बिर एकी उश. "कैची" म्हटल्यावर आजी खरंच चमकली आणि बोटांनी कापून दाखवलं. रोहिणीताई, तुमची आठवण काढली.

मग मी म्हटलं, पाळण्याचं गाणं म्हणाल का? तिच्या नातीनं सांगितलं की पाळण्याला "बेसिक" म्हणतात आणि अंगाईला "बेसिक झिरी". तुर्कस्तानात "बेशिक", तातारांत "बिशेक", तोच पाळणा सगळीकडे. आजीनं खुर्ची मागे सरकवली, दोन्ही हात जोडून मांडीवर घेतले, जसं काही तिथे मूल आहे, आणि गायला लागली. वीस मुलांत चिडीचूप. सूरश्री, पाचच सूर होते की नाही ते मला कळलं नाही, पण ती प्रत्येक ओळीच्या शेवटी खाली ओघळत येत होती.

संपल्यावर आजीनं माझ्याकडे बोट केलं. आता तू.

मी आमच्या घरची अंगाई सुरू केली. माझी आजी म्हणायची ती. पहिलं कडवं झालं आणि पुढे काही आठवेना. सगळ्या मुलांसमोर मी थांबले. लाज वाटली. मग तिथूनच साताऱ्याला आईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि विचारलं, आई, दुसरं कडवं सांग.

आई म्हणाली, "अगं, दुसरं कडवं नाहीच. तुझी आजी पुढे ज्या मुलाला निजवायची त्याचं नाव घालायची, आणि त्या दिवशी घरात जे झालं असेल ते सांगत राहायची. म्हैस व्यायली, पाऊस आला, मामा आला. तू झोपेपर्यंत."

मी हे मुलांना सांगितलं, मैत्रिणीनं आजीला सांगितलं. आजी मान हलवत हसली आणि नातीला काहीतरी म्हणाली. नात म्हणाली, "आमच्याकडेही तसंच."

रात्री लेक स्वतःच तिच्या बाहुलीला निजवत होती. पहिलं कडवं नीट म्हटलं. मग म्हणाली, आज शाळेत आजी आली, आजीनं खुर्ची मागे सरकवली, फोनमध्ये साताऱ्याची आजी आली, आता झोप.